बिडी रक्तात सापडते, खर्र्याचं काय?

अधूनमधून मोबाइलवर एक बातमी फिरते. रक्ताच्या चाचणीत कळणार, माणूस बिडी-सिगारेट ओढतो की नाही, किती ओढली, आणि त्याच्या हृदयाला धोका किती. बातमी पानठेल्यावर पोचली की तिचे तीन अर्थ निघतात. एक जण म्हणतो, सगळं फेकू आहे. दुसरा म्हणतो, रक्तातच लिहिलं गेलं असेल तर आता सोडून काय फायदा? आणि तिसरा सुपारी, तंबाखू आणि चुन्याचा खर्रा पन्नीत घोटता घोटता सांगतो, "मी तं बिडीले हातबी लावत नाही, फक्त खर्रा खातो. मले काय टेन्शन?"

बातमी फेकू नाही. त्यामागे पंधराएक वर्षांचं पक्कं संशोधन आहे. दुसऱ्या माणसाच्या प्रश्नाला चांगलं उत्तर आहे. पण आपल्या विदर्भापुरतं बोलायचं तर सगळ्यात महत्त्वाचा माणूस तिसरा, कारण ही चाचणी त्याला जवळजवळ ओळखतच नाही.

डीएनए तोच राहतो, मग बदलतं काय?

आपल्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीत एकच डीएनए असतो. आईबापांकडून आलेला, जन्मभर तोच. तरी डोळ्याची पेशी डोळ्याचं काम करते आणि यकृताची यकृताचं, कारण कोणत्या पेशीत कोणतं जनुक चालू ठेवायचं आणि कोणतं बंद, हे वेगळं ठरतं. ते ठरवायचा एक मार्ग म्हणजे डीएनएवर ठरावीक जागी चिकटणारी बारीकशी रासायनिक खूण. एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, एवढाच तिचा जीव. तिला मिथाइल म्हणतात. अशा खुणा बसू शकतील अशा जागा माणसाच्या डीएनएत सुमारे 2 कोटी 80 लाख आहेत. डीएनएची मूळ अक्षरं न बदलता वरवर होणाऱ्या या फरकांना एपिजेनेटिक बदल म्हणतात. यापुढे मी त्यांना नुसतं 'नोंद' म्हणेन.

नोंदच का, तर सातबारा डोळ्यांसमोर आणा. गट नंबर बदलत नाही, क्षेत्र बदलत नाही. पण 'इतर अधिकार'च्या रकान्यात बँकेचा बोजा चढतो, कर्ज फिटलं की पटवाऱ्याकडे खेटे घालून उतरवावा लागतो. जमीन तीच, पण सातबारा वाचणाऱ्याला त्या रकान्यावरून मालकाच्या गेल्या काही वर्षांची हकीकत कळते. धुरानं डीएनएवर होणारी नोंद अशीच आहे. तिनं वंश बदलत नाही, पण माणसानं काय केलं ते दिसतं.

धूर नेमका कुठे सही करतो

तंबाखू जळली की धुरात डांबराच्या कुळातली शेकडो रसायनं तयार होतात. ती रक्तात गेली की पेशीला कळतं, कारण पेशीत त्यांना पकडणारं एक प्रथिनच असतं. ते जागं झालं की विष निस्तरणारी यंत्रणा कामाला लागते. ही यंत्रणा भरमसाट चालू राहू नये म्हणून तिला आवर घालणारं एक जनुक आहे, त्याचं नाव एएचआरआर. रोज धूर येतो, म्हणून रोज आवर घालावा लागतो, म्हणून हे जनुक उघडं ठेवावं लागतं. उघडं ठेवायचं म्हणजे त्याच्यावरच्या मिथाइल खुणा निघतात.

न ओढणाऱ्या माणसाच्या रक्तात या जनुकावरच्या एका ठरावीक जागी साधारण 80 ते 90 टक्के प्रतींवर खूण असते. जुन्या, भरपूर ओढणाऱ्या माणसात हे प्रमाण 50-60 टक्क्यांपर्यंत घसरलेलं दिसू शकतं. प्रयोगशाळेच्या पद्धतीप्रमाणे आकडा थोडा मागेपुढे होतो, पण दिशा एकच. जगातल्या वेगवेगळ्या वंशांच्या लोकांत ती पुन्हा पुन्हा सापडली आहे, लंडनमध्ये राहणाऱ्या आपल्याकडच्या, म्हणजे दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांतसुद्धा.

अशी पहिली ठळक जागा 2011 साली जर्मनीतल्या संशोधकांना सापडली, ती मात्र दुसऱ्याच जनुकावर. त्याचं नाव एफटूआरएलथ्री. हे नाव पुढे एकदा लागणार आहे. मग 2016 मध्ये 16 अभ्यासांतल्या सुमारे 16,000 लोकांच्या रक्ताचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा दिसलं की धुराची सही 7,000 हून जास्त जनुकांवर असते. माणसाच्या माहीत असलेल्या जनुकांच्या जवळपास एक तृतीयांश. मला स्वतःला हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा छापण्यात चूक वाटली होती.

रक्त तर बदलत राहतं, मग नोंद टिकते कशी?

रास्त शंका आहे. या नोंदी रक्तातल्या पांढऱ्या पेशींत वाचतात, आणि त्यांतल्या बऱ्याच पेशी काही तास ते काही दिवसच जगतात. पण नव्या पेशी जिथून येतात त्या हाडांच्या मगजातल्या मूळ पेशी वर्षानुवर्षं तिथेच असतात. नोंद त्यांच्यापर्यंत पोचली की प्रत्येक नवी पेशी ती घेऊनच जन्माला येते.

म्हणूनच ही चाचणी जुन्या चाचणीपेक्षा वेगळी पडते. निकोटिन शरीरात मोडून कोटिनिन नावाचा पदार्थ बनतो, तो रक्तात, थुंकीत, लघवीत सापडतो. टर्म विमा काढताना कंपन्या हीच तपासणी करतात. पण कोटिनिन काही दिवसांत निघून जातं. आठवडाभर दम धरला की माणूस साफ सुटतो. डीएनएवरची नोंद आठवड्यात पुसली जात नाही.

हृदयाशी याचा काय संबंध?

धूर हृदयाचं नुकसान कसं करतो ते आधीपासून माहीत आहे. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा बळकावतो. निकोटिन नाडी आणि बीपी वाढवतं. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर खराब होतं, तिथे चरबी साचते. आणि रक्त गोठवणाऱ्या बारीक कणिका, म्हणजे प्लेटलेट, जास्त चिकट होतात. हृदयाच्या वाहिनीत शेवटची गाठ बसते ती यांच्यामुळेच.

आता एफटूआरएलथ्री. हे जनुक प्लेटलेटवरची एक कळ बनवतं. रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिन नावाच्या पदार्थानं ती दाबली की प्लेटलेट एकमेकांना चिकटायला लागतात. म्हणजे धुराची सही नेमकी रक्त गोठवण्याशी संबंध असलेल्या जागी सापडली. जर्मनीतल्याच अभ्यासात हृदयविकाराच्या हजाराहून जास्त रुग्णांवर आठएक वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा ज्यांची या जागेची खूण सगळ्यात जास्त गळालेली होती त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त निघालं.

इथे एक घाई टाळायला हवी. नोंद आहे म्हणून नोंदीनंच झटका आणला, असं होत नाही. सातबाऱ्यावरचा बोजा माणसाला बुडवत नाही, कर्ज बुडवतं. बोजा फक्त कर्ज आहे एवढं सांगतो. एएचआरआरची नोंद बहुतेक करून अशीच साक्षीदार आहे. एफटूआरएलथ्रीचा मात्र नुकसानीत स्वतःचाही थोडा हात असावा असे संकेत आहेत. पण धोका मोजायला साक्षीदारही चालतो, आणि चांगला चालतो. कारण 'दिवसाला किती?' असं विचारल्यावर खरं सांगणारे किती असतात? दवाखान्यात बंडलाचं अर्धं बंडल होतं. सुनेसमोर विचारलं तर सासरे बिडी ओढतच नसतात. शिवाय दोन माणसं सारख्याच बिड्या ओढत असली तरी एक खोल झुरका घेतो, दुसरा हातातच जळू देतो. माणसाच्या सांगण्यापेक्षा शरीरात खरोखर किती धूर गेला, हे नोंद जास्त नेमकं सांगते.

"पण मी दोनच ओढतो"

ही सवलत मनातली आहे. अनेक अभ्यास एकत्र करून 2018 मध्ये काढलेला निष्कर्ष असा की रोज एकच सिगारेट ओढणाऱ्या पुरुषालाही हृदयविकाराचा धोका न ओढणाऱ्यापेक्षा सुमारे 48 टक्के जास्त असतो. वीस ओढणाऱ्याला जो जादा धोका असतो, त्याचा जवळपास अर्धा वाटा या एकीतच येऊन जातो. फुप्फुसाच्या कर्करोगात थोडं ओढलं तर थोडा धोका, असा हिशेब बऱ्यापैकी लागू होतो. हृदयाच्या बाबतीत तो लागत नाही.

बिडी सिगारेटपेक्षा सौम्य, हाही असाच एक समज, आणि तेंदूपत्त्याच्या मुलखात तो जरा जास्तच घट्ट आहे. मे महिन्याच्या उन्हात गडचिरोली-गोंदियाच्या जंगलातून पुडके बांधून आणलेलं पान आपल्याच हातचं, म्हणून साधं वाटतं. बिडीत तंबाखू थोडी असते हे खरं. पण पानातून हवा नीट खेळत नाही, बिडी विझत राहते, म्हणून ती पेटती ठेवायला जास्त झुरके आणि जास्त जोर लागतो. निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तिच्यातून सिगारेटइतकं किंवा जास्तच मिळतं. 52 देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या मोठ्या अभ्यासात नुसती बिडी ओढणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता 2.89 पट आढळली. सिगारेटच्या जवळपास तेवढीच.

मग खर्रा खाणाऱ्याचं काय?

आता आपल्या तिसऱ्या गड्याकडे येऊ. तो अपवाद नाही, तोच आपल्याकडचा नेहमीचा माणूस आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी धूर ओढणारे निघाले 3.8 टक्के, आणि चघळणारे, चोळणारे, घासणारे 24.4 टक्के. म्हणजे ओढणाऱ्या एकामागे सहा जण बिनधुराचे. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूर, भंडारा, कुठेही जा, सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटण्याचा तो घासल्यासारखा आवाज प्रत्येक ठेल्यावर येतो. रोवण्याला जाणाऱ्या बायकांच्या पदराच्या गाठीत खर्रा असतो, कापूस वेचताना तो वाटून खाल्ला जातो, पूर्वेकडच्या घरांत सकाळची सुरुवात गुडाखूनं, म्हणजे दातांना घासायच्या तंबाखूनं होते. राज्यात 2012 पासून गुटखाबंदी आहे. ठेल्याकडे पाहून ते कळत नाही, ही गोष्ट वेगळी. गडचिरोलीत 2016 पासून दारू आणि तंबाखूविरुद्ध 'मुक्तिपथ' हे अभियान उभं राहिलं, ते काही उगाच नाही.

या सगळ्या लोकांना ही रक्ताची चाचणी काय सांगेल? बहुधा 'ठीक आहे' असंच. कारण वर पाहिलेली नोंद तंबाखूची नाही, धुराची आहे. जळण्यातून निघालेल्या रसायनांमुळे ती होते, निकोटिनमुळे नाही. स्वीडनमध्ये ओठाखाली ठेवायची तंबाखू बरीच खपते, तिला स्नस म्हणतात. तिथल्या 2014 च्या अभ्यासात ओढणाऱ्यांच्या डीएनएवर भरपूर नोंदी सापडल्या, स्नसवाल्यांच्या डीएनएवर तशा सापडल्या नाहीत.

ज्यानं सोसायटीचं कर्ज काढलं त्याच्या सातबाऱ्यावर बोजा दिसतो. ज्यानं सावकाराकडून उचललं त्याचा सातबारा कोरा असतो. कोरा सातबारा पाहून त्याला कर्जमुक्त म्हणणारा माणूस आपल्याकडे तरी सापडणार नाही. खर्रा हे सावकारी कर्ज आहे. त्याच 'इंटरहार्ट' अभ्यासात फक्त तंबाखू चघळणाऱ्यांत झटक्याची शक्यता 2.23 पट निघाली. आणि जे चघळतातही आणि ओढतातही, त्यांच्यात 4.09 पट, सगळ्या गटांत जास्त. दिवसभर खर्रा आणि रात्री जेवणानंतर 'एखादी' बिडी, हा जो आपल्याकडचा शिरस्ता आहे, तो नेमका या शेवटच्या गटात जाऊन बसतो.

धूर नसताना हृदयावर ताण कुठून येतो? निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात उतरतंच. चुना त्यासाठीच असतो, त्यानं निकोटिन लवकर शोषलं जातं. एक खर्रा गालात तासभर राहिला तर तेवढा वेळ नाडी आणि बीपी चढलेलं राहतं. त्यात सुपारी. ती नुसती भर म्हणून टाकलेली निरुपद्रवी वस्तू नाही; जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं सुपारीला स्वतंत्रपणे कर्करोगकारक ठरवलं आहे. ज्यांचं तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही अशी पंचविशीतली पोरं आपण पाहतो, ती सुपारीचीच करणी.

तेव्हा ही चाचणी उद्या स्वस्त होऊन तालुक्याला आली, तर माझी भीती ती खोटं बोलेल ही नाही. ती खरंच बोलेल, पण विचारलेल्या प्रश्नापुरतं. आणि कोऱ्या रिपोर्टचा कागद दाखवून कोणीतरी घरच्यांना सांगेल, पाहा, डॉक्टरनंच लिहून दिलं.

खर्रा पकडायचाच असेल तर ते जुनं कोटिनिन तो पकडतं, कारण निकोटिन कोणत्याही वाटेनं आत गेलं तरी कोटिनिन बनतंच. फक्त गेल्या काही दिवसांपुरतं.

चुलीपुढे बसणाऱ्या बाईचं काय?

पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या. गॅस घरात आला तरी सिलिंडर संपलं की चूल पेटते, आणि आंघोळीचं पाणी तर चुलीवरच. लाकडाच्या धुरातही डांबराच्या कुळातली तीच रसायनं असतात, आणि घरातला धूर हृदयाला आणि फुप्फुसाला घातक आहे हे पक्कं आहे. पण या चाचणीचं माप बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तावरून बसवलेलं आहे. चुलीचा धूर त्यावर मोजायला जाऊ नये.

"आता सोडून काय उपयोग, लिहिलं तर गेलंच"

बोजा उतरतो. 2016 च्या त्याच मोठ्या अभ्यासात दिसलं की सोडल्यानंतर पाच वर्षांच्या आत बहुतेक जागा कधीच न ओढणाऱ्या माणसासारख्या होतात. काही थोड्या जागा हट्टी असतात, त्यांच्यावरची नोंद 30 वर्षांनंतरही वाचता येते. बातम्यांत मथळा या हट्टी जागांचा होतो, आणि माणसं समजतात की काहीच सुधारत नाही.

हृदय तर पाच वर्षंही थांबत नाही. सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका ओढत राहणाऱ्याच्या तुलनेत साधारण निम्म्यावर येतो. प्लेटलेटचा चिकटपणा तर त्याहून लवकर कमी होतो. झटका येऊन गेलेल्या माणसालाही सोडण्याचा फायदा मिळतो, त्यामुळे 'आता अँजिओप्लास्टी झालीच आहे' हे ओढत राहायचं कारण होऊ शकत नाही.

"आजोबा बिडी ओढत नव्वदी गाठून गेले"

गेले असतील. पन्नाशीत गेलेल्या त्यांच्या सोबत्यांची गोष्ट सांगायला कोणी पारावर बसलेलं नसतं. धोका म्हणजे खात्री नव्हे. पण दहा आजोबांचा हिशेब करायचा झाला तर दहाही मोजावे लागतात.

ही चाचणी करून घ्यावी का?

माझं मत, नाही. अमेरिकेत अशा नोंदींवर आधारलेल्या हृदयविकाराच्या चाचण्या विक्रीला आल्या आहेत. त्यांचा खरा उपयोग आज संशोधनात आहे, किंवा जिथे माणसाचं सांगणं आणि तब्येत जुळत नाही तिथे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती होणार नाही, आणि तिच्यासाठी कोणी हजारो रुपये मागत असेल तर त्या पैशात बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि ईसीजी करून घेतलेलं बरं.

आणि एक कागद आपल्याकडे आधीच फिरतो, ज्याची कोणी बातमी करत नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकासाठी आशाताई एक फॉर्म भरतात. वय, कमरेचा घेर, दारू, व्यायाम, घरात कोणाला बीपी, साखर किंवा हृदयविकार आहे का. तंबाखूचा प्रश्न त्यात पहिल्या काहींत आहे, आणि तो ओढण्याबरोबर चघळण्याबद्दलही स्पष्ट विचारतो. रोज खात असाल तर दोन गुण, सोडली असेल किंवा कधीमधी असेल तर एक. चुलीत काय जळतं हेही पुढे विचारलेलं असतं. एकूण गुण चारच्या वर गेले की तपासणीला आधी बोलावतात. म्हणजे लाखोंच्या यंत्राला जो खर्रा दिसत नाही तो या कागदाला दिसतो, अट एवढीच की त्यावर खरं लिहिलं जावं. बरेचदा आशाताई अंगणात घाईनं विचारते, घरातली बाई सगळ्यांचं 'नाही, नाही' सांगून टाकते, आणि बाजेवर बसलेला घरधनी गालातला खर्रा एका बाजूला सारून मान हलवतो.

सोडायचं ठरलं तर 1800-11-2356 हा शासनाचा मोफत फोन आहे. जिल्हा रुग्णालयांत तंबाखूमुक्ती केंद्रं आहेत. निकोटिनचं 2 मिलिग्रॅमचं च्युइंगम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. खर्रा खाणाऱ्यांनी ते खर्र्यासारखं सतत चावत राहू नये. चार-पाचदा चावून जीभ चरचरली की गालात दाबून ठेवायचं, चरचर थांबली की पुन्हा चावायचं, असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं चहा घेऊ नये, नाहीतर त्यातलं निकोटिन तोंडात नीट शोषलं जात नाही.